सोलापुरात नवीन आलात? गाडीचा बोल्ट आवळण्याआधी पान्यावरची पट्टी वाचा

मी 2006 साली नोकरीसाठी चिपळूणहून सोलापुरात आलो. नळाला पाणी कुठल्या दिवशी येतं, गड्ड्याच्या यात्रेत कुठले रस्ते बंद असतात, हे शेजारी तुम्हाला सांगतीलच. मी गाडीबद्दल सांगतो. बाहेरून आलेले आमच्यासारखे बरेच जण इथे जुनी दुचाकी घेतात आणि ऑइल, प्लग, चाकं घरीच बघू लागतात. जरूर बघा. फक्त टॉर्क पाना (किती जोराने आवळायचं ते आधी लावता येणारा आणि तेवढा जोर पडला की 'कट्' वाजणारा पाना) हातात घेतलात की आधी त्यावरचं एकक वाचा.

बहुतेक पान्यांच्या दांड्यावर दोन पट्ट्या असतात, एक न्यूटन-मीटरची आणि एक फूट-पाउंडची. माझ्या मोटरसायकलच्या पुस्तकात ऑइल काढायच्या ड्रेन बोल्टला 24 न्यूटन-मीटर लिहिलं होतं. मी 24 लावले, पण फूट-पाउंडच्या पट्टीवर. एक फूट-पाउंड म्हणजे 1.356 न्यूटन-मीटर, म्हणजे पाना साडेबत्तीसवर लागला होता. इंजिनाचा खालचा भाग ॲल्युमिनियमचा, त्यातून आटे आधीच कुणीतरी जास्त आवळून कमजोर केलेले. पाना 'कट्' वाजायच्या आधीच बोल्ट हाताला हलका लागू लागला, आणि मला कळलं की आटे गेले. आत नवीन आट्यांची स्प्रिंग बसवून घ्यावी लागली. त्या दिवसापासून पुस्तकातला आकडा वहीत लिहिताना मी त्यापुढे एककही लिहितो.

इथल्या जुन्या मेकॅनिकना विचाराल तर ते 'अडीच किलो लाव' म्हणतील. ते किलोग्रॅम-मीटरबद्दल बोलत असतात. न्यूटन-मीटर काढायला त्याला 9.8 ने गुणा. घरच्या कामाला दहाने गुणलं तरी चालतं. जुन्या पुस्तकांत किलोग्रॅम-सेंटिमीटर असतं, त्याला दहाने भागा: 240 म्हणजे साधारण 24 न्यूटन-मीटर. सगळ्यात जपायचं ते इंच-पाउंडला. अमेरिकन व्हिडिओ बघून काम करणाऱ्यांना ते हमखास भेटतं. बारा इंच-पाउंड म्हणजे एक फूट-पाउंड, त्यामुळे तिथे चूक झाली तर जोर थेट बारापट पडतो आणि लहान बोल्ट तुटून आतच राहतो.

पूर्व भागात राहायला गेलात तर कानावर तेलुगू पडेल, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. दहाला तिकडे पदि म्हणतात, इकडे हत्तु, पण रुपये दहाच राहतात. पान्याचं तसं नाही. पट्टी बदलली आणि आकडा तोच ठेवला, की बोल्टवरचा जोर बदलतो.

हाताला अंदाज यावा म्हणून एक गोष्ट सांगतो. एक मीटर लांब आडव्या दांड्याच्या टोकाला दहा किलो ज्वारीची पिशवी टांगली, तर दुसऱ्या टोकाच्या नटवर 98 न्यूटन-मीटर पडतात. लहान चारचाकी गाड्यांच्या चाकांचे नट साधारण याच्या आसपास असतात. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात बघा. प्लास्टिकच्या किंवा इंजिनावरच्या झाकणाच्या सहा मिलिमीटरच्या बोल्टला दहाच्या आसपास पुरतात. म्हणून एकच पाना सगळीकडे चालत नाही. चाकांसाठीचा अर्ध्या इंची (चौकोनी टोक अर्ध्या इंचाचं असलेला) मोठा पाना पट्टीच्या तळाशी भरवशाचा नसतो. लहान बोल्टसाठी पाव इंची वेगळा घ्या.

कोकणातून येणाऱ्यांना खास सांगतो. तिकडे पावसाने नट गंजतात, म्हणून आट्यांना तेल लावायची सवय आपल्या हातात बसलेली असते. पुस्तकातले आकडे, वेगळं लिहिलं नसेल तर, कोरड्या आणि स्वच्छ आट्यांसाठी असतात. तेल लावलं की घर्षण कमी होतं आणि तेवढ्याच टॉर्कला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. सोलापूरच्या कोरड्या हवेत चाकाच्या नटला तेलाची गरजही नाही. इथे त्रास धुळीचा आहे. आटे ब्रशने झाडून, कापडाने पुसून मगच नट लावा. एप्रिल-मेमध्ये हे काम सकाळी लवकर उरका. दुपारी उन्हातल्या गाडीला हात लावता येत नाही.

चाकाचे नट हाताने बसवा, मग समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे आवळा. पाना एकदा वाजला की थांबा; खात्रीसाठी पुन्हा दाबलं की जोर वाढत जातो. आणि त्या पान्याने गच्च बसलेला नट खोलू नका, त्यासाठी साधा पाना आहे.

चाक काढून बसवल्यावर 50 ते 100 किलोमीटर चालली की नट पुन्हा तपासायचे असतात. गावाकडून पाहुणे आले की तुम्ही त्यांना तुळजापूरला न्यालच. जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर होतात. परत आलात की चाकं थंड होऊ द्या, पाना लावा, आणि काम झालं की त्याची पट्टी सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून मगच ठेवा, म्हणजे आतल्या स्प्रिंगवर ताण राहणार नाही.