जुनी रिओहा रेड: ओक जास्त आहे की बाटलीच बिघडलीय, हे कसं ओळखायचं

स्पेनमधल्या रिओहाच्या जुन्या पद्धतीच्या रेड वाईन मला मनापासून आवडतात, म्हणून एकच बाटली उघडून "नुसतं लाकूड लागतंय" म्हणत लोक कायमची फुली मारतात तेव्हा वाईट वाटतं. इथे दोन तक्रारींची सरमिसळ होते. ओक, म्हणजे वाईन ज्या बॅरलमध्ये मुरते त्याचं लाकूड, त्याची चव जास्त असणं हा वाईनरीचा निर्णय, तो त्या सालच्या जवळपास प्रत्येक बाटलीत जाणवणार. एक बाटली मस्त आणि शेजारची मेलेली, हा बहुतेक वेळा बुचाचा किंवा साठवणीचा दोष.

आधी घेतानाच बाटलीमागचा छोटा शिक्का बघा, वाईन किती मुरवलीय ते त्याच्या रंगावरून कळतं. लाल म्हणजे क्रियांझा, गडद मरून म्हणजे रेसेर्वा, निळा म्हणजे ग्रान रेसेर्वा. क्रियांझा किमान 1 वर्ष बॅरलमध्ये असते, ग्रान रेसेर्वा किमान 2. पण नुसत्या वर्षांवर जाऊ नका, बॅरल नवं की जुनं हे जास्त महत्त्वाचं. नवं अमेरिकन ओक व्हॅनिला, खोबरं आणि चक्क शेपूसारखा वास देतं. आरो गावच्या लोपेझ दे एरेदिया या वाईनरीची विन्या तोंदोनिया रेसेर्वा बॅरलमध्ये सहा-एक वर्षं काढते, तरी लाकूड अंगावर येत नाही कारण बॅरल जुनी असतात. तेव्हा दुकानात "नवं ओक किती, अमेरिकन की फ्रेंच" हे विचाराच.

मग बाटली उजेडात धरा. वीसेक वर्षांच्या वाईनची पातळी मानेत किंवा मानेच्या जरा खाली असेल तर ठीक, खांद्याच्या खाली उतरली असेल तर सोडा. बूच वर आलेलं किंवा ओघळ आलेला दिसला तर तिला बहुतेक उष्णता लागलीय, तीपण नको. जमलं तर एकाच लॉटच्या दोन घ्या, लॉट नंबर बाटलीवर बारीक छापलेला असतो. एक लक्षात ठेवा, पूर्वी काही वाईनरी ऑर्डर येईल तशा बाटल्या भरायच्या, त्यामुळे फार जुन्या एकाच सालच्या बाटल्यांतही मुळातच फरक असू शकतो.

उघडायच्या आदल्या दिवशी बाटली उभी ठेवा, गाळ खाली बसतो. जुनं बूच साध्या स्क्रूने तुटतं, दोन पात्यांचा ओपनर वापरा आणि हळूहळू हलवत काढा.

आता ग्लासात थोडी ओता आणि नीट वास घ्या, सगळा निकाल इथेच लागतो. ओला पुठ्ठा, दमट तळघर असा वास आला तर तो टीसीए, म्हणजे बुचातून वाईनमध्ये उतरणारं रसायन, तो वास कितीही वेळ ठेवली तरी जात नाही. कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास, वयाच्या मानाने जास्तच तपकिरी रंग, चव सपाट, तर आत हवा गेलीय. आणि फळाची चव जिवंत आहे पण वर व्हॅनिला-खोबरं चढलंय, घोट संपताना तोंड कोरडं पडतंय, तर तो ओक. फक्त कोंडलेला वास असेल तर अर्धा तास थांबा, बहुतेकदा उडून जातो.

ओक जास्त वाटला तर 16 ते 18 डिग्रीवर प्या, आपल्याकडच्या खोलीच्या गरमीत व्हॅनिला आणखी अंगावर येतो. सोबत भाजलेलं मटण ठेवा, रिओहात द्राक्षवेलींच्या काटक्यांवर कोकराच्या चॉप्स भाजतात ते उगाच नाही. वाईन तरुण आणि फळ भरपूर असेल तर उरलेल्या बाटल्या चार-पाच वर्षं थंड जागी पडू द्या, लाकूड मुरतं. फळच बारीक असेल तर थांबून उपयोग नाही, फळ जाईल आणि लाकूड तेवढं उरेल.

पहिली बाटली बिघडलेली निघाली तर बिल आणि बूच जपून ठेवा, उरलेल्या वाईनसकट दुकानात परत न्या, आणि मत बनवायच्या आधी दुसरी उघडून बघा.