शौचातून रक्त पडलं तर घरी काय बघावं, दवाखान्यात कधी जावं

लातूर, परभणी, बीड, कुठंही जा, मूळव्याध-भगंदराच्या पाट्या दिसतातच. त्यामुळं रक्त दिसलं की निदान घरातच होतं: मोड आले असतील. बहुतेकदा ते खरंही निघतं. पण आव, मोठ्या आतड्याची सूज, आतड्यातले कोंब म्हणजे पॉलिप आणि कर्करोग यांतही रक्तच पडतं.

आधी न बघता पाणी ओतायची सवय सोडा. दोन आठवडे वहीत लिहा: दिवसातून किती वेळा, पातळ की घट्ट, रक्त वरून थेंब थेंब पडलं की शौचात कालवलेलं, चिकट आव होती का, रात्री झोपेतून उठावं लागलं का. कापल्यासारखी आग होत असेल तर बहुधा गुदद्वाराला चीर असते. रक्त आणि आव मिसळून येत असेल तर दुखणं वर, आतड्यात असू शकतं. बीट खाल्लं की शौच लाल होतं आणि लोहाच्या गोळ्यांनी काळं, तेही लिहून ठेवा.

महिनोन् महिने कळ येते, शौचाला जाऊन आलं की बरं वाटतं, पण रक्त नाही, वजन घटत नाही, झोप मोडत नाही, तर तो बहुधा आयबीएस, म्हणजे आतड्याच्या हालचालीचा बिघाड. त्रास खूप, धोका नाही.

उन्हाळ्यात टँकरचं पाणी सुरू झालं की आव लागते. मेडिकलवरून त्याच गोळ्या दर वेळी आणू नका, शौच तपासून घ्या. तरुण माणसाला रक्त-आव पुन्हा पुन्हा होत असेल तर तो अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होणं, असू शकतो, आणि त्याचे उपचार वेगळे आहेत.

बद्धकोष्ठाला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी चांगली. इसबगोल घेतलं तर पाणीही वाढवा, नाहीतर पोट उलट गच्च होतं.

आता मुख्य गोष्ट. चाळिशीनंतर शौचाची सवय बदलून तीन आठवडे झाले, वजन उतरलं, किंवा पुरुषाच्या अंगात लोह कमी निघालं, तर थांबू नका. आईवडील, भावंडं यांपैकी कुणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल तर चाळिशीतच तपासणीचं विचारा. डॉक्टरांनी गुदद्वारात बोट घालून तपासलं नाही तर आपणच म्हणा, "तपासून बघा." वडील मुलाला आणि सासू सुनेला हा त्रास सांगायला लाजतात, आणि त्यातच वर्ष जातं. पॉलिपचा कर्करोग व्हायला साधारण 10 वर्षं लागतात, म्हणजे गाठायला वेळ असतो. दुर्बिणीनं, म्हणजे कोलोनोस्कोपीत, बहुतेक पॉलिप त्याच वेळी काढताही येतात.

पोट फुगून वारा-शौच बंद झालं आणि उलट्या सुरू झाल्या, किंवा खूप रक्त जाऊन चक्कर आली, तर त्याच रात्री दवाखाना गाठा.

कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशी हलकं खायचं. पोट साफ करायची पावडर पाण्यातून सगळी प्यायची, कारण आतडं स्वच्छ नसेल तर कोंब दिसत नाही. रक्त पातळ करायच्या आणि लोहाच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. गुंगीचं इंजेक्शन देतात, म्हणून सोबत एक माणूस न्या. त्या दिवशी मोटारसायकल चालवायची नाही.