समाजसेवा हे माझे पाठ केलेले उत्तर होते

अभियांत्रिकीची पदवी घेतल्यानंतर राज्यसेवेच्या तयारीसाठी मी पुण्यात सदाशिव पेठेत राहत होतो, तेव्हा अधिकारी का व्हायचे आहे या प्रश्नावर ‘समाजसेवा’ हे उत्तर माझ्या तोंडी बसलेले होते. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत जाऊनही निवड यादीत नाव आले नाही, तेव्हा ते उत्तर पहिल्यांदा तपासून पाहिले.

त्या सुमारास मानसशास्त्रज्ञ एडगर शाईन यांचे संशोधन वाचनात आले. अमेरिकेतील एमआयटीच्या व्यवस्थापन शाखेतील 44 विद्यार्थ्यांच्या नोकऱ्यांचा मागोवा त्यांनी 1961 पासून अनेक वर्षे घेतला आणि न मानवणारे काम स्वीकारलेली माणसे फिरून आपल्या स्वभावाच्या कामाकडेच ओढली जातात, असे त्यांना दिसले. या ओढीला त्यांनी जहाजाच्या नांगराची उपमा दिली. सुरक्षितता, स्वायत्तता, तांत्रिक प्रावीण्य, सेवाभाव अशा त्यांच्या आठ नांगरांची यादी वाचताना आठही आपलेच वाटतात (मुलाखतीत तसे सांगणे सोयीचेही असते). म्हणून निवड करणे भागच पडले तर यांतले काय सोडता येणार नाही, एवढेच स्वतःला विचारावे.

मला त्याचे उत्तर वहीतून मिळाले. महिनाभर रोज रात्री अभ्यासिकेतून परतल्यावर, आज कोणते काम घड्याळ न पाहता झाले आणि कोणते टाळले, एवढेच मी लिहीत असे. चालू घडामोडींच्या नोट्स टाळल्याची नोंद जवळजवळ रोजची होती. घड्याळ न पाहता झालेले काम मात्र पुन्हा पुन्हा एकच निघाले. शेजारी बसणाऱ्या मुलाला नळ-टाकीची गणिते अडत. एक नळ 4 तासांत आणि दुसरा 6 तासांत टाकी भरत असेल, तर टाकी 12 बादल्यांची धर, म्हणजे तासाला 3 आणि 2 मिळून 5 बादल्या, असे सांगताच त्याने स्वतःच 2 तास 24 मिनिटे हे उत्तर काढले. माझा चहा तोवर गार झाला होता. सेवाभावाच्या नावाखाली मला बहुधा गावातला मान हवा होता, आणि खरी ओढ समजावून सांगण्याची होती.

तरीही तयारी एकदम सोडू नये, असे नवख्यांना सांगेन. मी आधी सहा महिने एका शिकवणीत संध्याकाळी दोन तास गणित शिकवले. उत्तरपत्रिका तपासण्याचा कंटाळा आला, फळ्यासमोर उभे राहण्याचा आला नाही. घरी सांगायला मात्र आणखी चार महिने लागले, आणि वडिलांनी पगार न विचारता आधी पेन्शनचे विचारले.