जव्हारला निघण्याआधी

बॅग नंतर भरा, आधी कॅलेंडर काढा. जुलैत पालघर जिल्ह्यातल्या जव्हारला जाऊन ‘तारपा (भोपळ्याचं लांब फुंकवाद्य) कुठे ऐकायला मिळेल?’ असं विचारणारे बरेच भेटतात. तेव्हा पाड्यावरची माणसं भाताच्या आवणीच्या चिखलात गुडघाभर उतरलेली असतात. तारपा घुमतो तो भात हाती आल्यावर, दिवाळीच्या आगेमागे. बोहाड्याची, म्हणजे देवादिकांचे मुखवटे घालून नाचायच्या उत्सवाची, सोंगं तर होळीनंतरची. म्हणजे धबधबा हवा की तारपा, हे घरीच ठरवायचं.

पावसाळा ठरला तर छत्री राहू द्या. माझी हनुमान पॉइंटवर पहिल्याच वाऱ्यात उलटी झाली. रेनकोट, पकड असलेल्या सँडल, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले कोरडे कपडे, विजेरी, नेहमीच्या गोळ्या. दाभोसा धबधबा लांबूनच बघा. मनाई आदेश आहे का ते विचारून घ्या, आणि नसला तरी डोहात उतरायचं नाही.

पेट्रोल आणि सुट्टे पैसे जव्हारच्या बाजारातच घ्या. 1918 पासून नगरपरिषद असलेलं, मुकणे राजांचं गाव ते. तिथे सगळं मिळतं. पुढे पाड्यावर रेंजचीही खात्री नाही.

जेवण पाड्यावर हवं असेल तर आदल्या दिवशी सांगा. आयत्या वेळी दहा माणसं दारात आली तरी घरची बाई नाही म्हणत नाही, नागलीच्या (नाचणीच्या) भाकऱ्या थापत बसते. पैसे आधी ठरवून द्या. पोरांना चॉकलेटं वाटू नका.

वारली चित्र घ्यायचं असेल तर पुठ्ठ्याची नळी न्या; कापडाच्या दुकानात रिकामी मिळते. मी एकदा चित्र घडी घालून आणलं. घडीवरचा पांढरा रंग उडाला आणि नाचाच्या फेरात मधल्या तारपेवाल्याचे नेमके हातच गेले. लग्नघरात सवासिणी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकटीतलं चित्र, लिहितात (हो, ‘लिहितात’च म्हणायचं), त्याचा फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका. वाटेत वाघ, चंद्र, सूर्य कोरलेला शेंदरी खांब किंवा दगड दिसला तर तो वाघोबा देव. टेकायची जागा नव्हे.

नाचात कुणी हात धरून ओढलं तर खुशाल जा. तारप्याकडे पाठ करायची नाही, एवढं पाळा. आणि मुक्काम जव्हारातच आधी ठरवून ठेवा. एकदा फेर रंगला की शेवटची एसटी हमखास चुकते.