प्रत्यारोपणाची भूल: रुग्ण आणि नातेवाइकांनो, या चुका टाळा

किडनी प्रत्यारोपणाची तारीख ठरली की बरेच नातेवाईक भूलतज्ज्ञांना विनवतात, "पूर्ण भूल नको, कमरेत इंजेक्शन द्या." काळजी समजते, पण हट्ट धरू नका. किडनी निकामी झाल्यावर प्लेटलेट्स नीट काम करत नाहीत, त्यात डायलिसिसला अनेकदा रक्त गोठू न देणारं हेपॅरिन दिलेलं असतं. मणक्याजवळ रक्त साचलं तर पायांची ताकद जाऊ शकते. शिवाय कमरेतल्या भुलीने रक्तदाब घसरतो आणि नवी किडनी जोडताक्षणी तिला भरपूर रक्त लागतं. निवडक रुग्णांना मणक्यातून भूल देतातही, पण बहुतेक ठिकाणी पूर्ण भूलच निवडतात. यकृत किंवा हृदयाच्या बाबतीत तर हा प्रश्न सहसा उद्भवतच नाही.

"पूर्ण भूल आजारी किडनीला झेपणार नाही" ही भीती मात्र सोडा. खरी निवड इथेच असते: कोणतं औषध शरीरातून कोणत्या वाटेनं बाहेर पडतं? स्नायू सैल करणारं सिसअ‍ॅट्राक्युरियम किडनी-यकृताची वाट बघत नाही, शरीराच्या तापमानाला आपोआप विघटित होतं. वेदनाशामकांत मॉर्फिनचे अवशेष साठून श्वास मंदावू शकतो, म्हणून फेंटानिल बरं. स्नायू झटकन सैल करणाऱ्या सक्सामेथोनियमने रक्तातलं पोटॅशियम साधारण 0.5 mmol/L ने वाढतं, आधीच 5.5 च्या वर असेल तर ते टाळतात. म्हणून शेवटचं डायलिसिस कधी झालं, किती पाणी काढलं, त्यानंतरचं पोटॅशियम किती, हे कागदासकट सांगा. जास्त पाणी काढलेल्या रुग्णाचा रक्तदाब भूल देताच कोसळू शकतो.

मृत दात्याच्या अवयवासाठी फोन अवेळी येतो. फोन येताच खाणंपिणं थांबवा आणि शेवटचं काय, कधी खाल्लं ते खरं सांगा. मधुमेह असेल तर जठर उशिरा रिकामं होतं. अन्न फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. ऑपरेशन रद्द होईल या भीतीनं जेवण लपवणं ही मला सर्वांत घातक चूक वाटते. खरं कळलं तर भूल देण्याची पद्धत बदलता येते.

फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या) हातावर रक्तदाबाचा पट्टा नको, सुई नको. कुणी विसरलं तर बेधडक थांबवा.

प्रत्यारोपणानंतर कधीतरी हर्नियाचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन निघतं. "उपाशी राहायचंय" म्हणून टॅक्रोलिमसची (शरीरानं नवा अवयव नाकारू नये यासाठीची) गोळी मनानेच बंद करू नका. घोटभर पाण्यासोबत कधी घ्यायची ते प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना विचारा. डोस चुकला तर शरीर अवयव नाकारू शकतं. दुखलं म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकही नको: टॅक्रोलिमसच्या जोडीला ती किडनीवर घाव घालतात.

हृदय बदललेलं असेल तर ते प्रत्येक भूलतज्ज्ञाला पहिल्याच वाक्यात सांगा. नव्या हृदयाचे मज्जातंतू कापलेले असतात, त्यामुळे नाडी मंदावल्यावर नेहमीचं अ‍ॅट्रोपिन तिथे बहुधा चालत नाही. आयसोप्रीनॅलिन किंवा अ‍ॅड्रेनॅलिन आधीच तयार ठेवावं लागतं.

आणि दाता? तो धडधाकट असला तरी दुर्बिणीतून किडनी काढताना त्यालाही पूर्ण भूल लागते. त्याची तंबाखू, रक्तदाबाच्या गोळ्या, पूर्वीच्या भुलीचा त्रास, हे सगळं त्याच्या वेगळ्या तपासणीत सांगा, शक्यतो रुग्ण समोर नसताना.