उस्ताद म्हणाले, "पॉइंट बघ"

आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून मी जुन्या गाड्यांच्या गॅरेजात लागलो. पहिल्याच आठवड्यात एक प्रीमियर पद्मिनी आली. तापली की बंद पडायची. उस्ताद म्हणाले, "पॉइंट बघ." मी पेट्रोलचा पाइप सोडायला घेतला, कारण पुस्तकात ज्याला काँटॅक्ट ब्रेकर म्हणतात तेच पॉइंट, हे मला ठाऊक नव्हतं.

डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं वीज वाटणारा भाग. त्याचं झाकण आणि आतला फिरता रोटर काढला की खाली दोन बारीक ठिपके एकमेकांना टेकलेले दिसतात. ते उघडले की कॉइलचा, म्हणजे बॅटरीची वीज ठिणगीइतकी जोरदार करणाऱ्या गुंडाळीचा, करंट तुटतो आणि प्लगला ठिणगी मिळते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर पॉइंट ६००० वेळा उघडतात. त्या गाडीत एका ठिपक्यावर टेंगूळ आलं होतं, समोरच्यावर खड्डा. मी पॉइंट बदलून मोकळा होणार होतो. उस्तादांनी थांबवलं : खड्डा पडला कशानं? पॉइंटला जोडलेला कंडेन्सर, म्हणजे क्षणभर वीज साठवणारा छोटा भाग, गेला होता. तो गेला की ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच उडते. दोन्ही बदलले, फीलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी, ०.४ मिलिमीटरच्या आसपास गॅप लावला, गाडी चालली. गाडीला यंत्र जोडून बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरवर शिकलेल्या मुलांनी हे एकदा तरी हातानं करावं. ठिणगी नेमकी कुठून येते ते डोळ्यांना दिसतं.

शब्दांसाठी वही ठेवा : डावीकडे उस्तादांचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला. पाटे म्हणजे लीफ स्प्रिंग, धक्के झेलणाऱ्या एकावर एक पोलादी पट्ट्या. सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर. पूर्वी हँडल मारावं लागे, ते काम गाडी स्वतः करू लागली म्हणून सेल्फ. स्टेपनी मला फार आवडते. वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ च्या सुमारास जादा चाक बनवू लागले, त्या रस्त्याचं नाव आपल्या डिकीत येऊन बसलं.

सुट्या भागांचं मात्र अवघड झालंय. पद्मिनी टॅक्सी धावत होत्या तोवर मालाला गिऱ्हाईक होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची टॅक्सीही थांबली. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी सकाळी लवकर जा, जुना भाग सोबत न्या आणि शेजारी ठेवून माप जुळवा. डोळ्यांना सारखा दिसणारा भाग बसेलच असं नाही. नवा बसवून गाडी महिनाभर नीट चालेपर्यंत जुना भंगारात टाकू नका.