परदेशी कॉलेजचे ‘चान्सेस’: फॉर्मच्या पलीकडच्या बाजूने

दहावीला 96 टक्के, नववीत होमी भाभाचं मेडल, सॅटला (अमेरिकन कॉलेजांची प्रवेश परीक्षा) 1600 पैकी 1500 च्या वर. एवढं सांगून पालक विचारतात, “मॅडम, हार्वर्ड-एमआयटीचे चान्सेस किती?” मी पार्ल्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. आमच्याकडे कौन्सेलर नावाचं पद नाही, त्यामुळे परदेशी अर्जांचं कॉलेजच्या बाजूचं काम फिरत फिरत माझ्या गळ्यात पडलं आणि तिथेच राहिलं. प्रवेश मिळालेल्या मुलांचे अनुभव पुष्कळ वाचायला मिळतात. फॉर्मचा दुसरा अर्धा भाग जो भरतो त्याला काय दिसतं, हे मात्र कोणी लिहीत नाही. स्टेट बोर्डातून अमेरिकेत पदवीला अर्ज करायचा विचार असलेल्या अकरावीच्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी हे लिहिते आहे.

आधी आकडे, म्हणजे ते मनातून उतरतील. हार्वर्ड, स्टॅनफर्डला अर्ज करणाऱ्या शंभर मुलांपैकी चाराच्या आसपास घेतात. एमआयटीचं एकूण प्रमाण साडेचारच्या आसपास, पण अमेरिकेबाहेरच्या मुलांचं दोनच्या घरात. त्यात हे चार टक्केही सगळ्यांना सारखे वाटलेले नसतात. हार्वर्डवर जो खटला झाला आणि ज्याचा निकाल अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने जून 2023 मध्ये दिला, त्यातल्या कागदपत्रांतून बाहेर आलं की खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, देणगीदारांशी संबंध असलेली मुलं आणि तिथल्या प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुलं यांचं प्रवेशाचं प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतं. अंधेरी-बोरिवलीचं पोरगं यातल्या कुठल्याच रांगेत नसतं.

आपल्या डोक्यात जेईई बसलेली असते, तिथे सगळा घोटाळा होतो. पवईच्या आयआयटीत कॉम्प्युटर सायन्स ओपनमधून गेल्या काही वर्षांत साठ-सत्तरच्या रँकला बंद होतंय. तुमची रँक तीनशे असेल तर पवईचं सीएस नाही, विषय संपला. दुःख होतं, पण हिशेब कळतो. अमेरिकेत रँकच लागत नाही. सॅटला 1530 वाला बाहेर आणि 1490 वाला आत, हे तिथे रोजचं आहे. एमआयटीने 2022 मध्ये सॅट-एसीटी परत सक्तीची केली, 2024 मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्डनेही तसं जाहीर केलं. म्हणजे स्कोअर लागतोच. पण एका पातळीनंतर आणखी वीस मार्कांसाठी तिसऱ्यांदा परीक्षा देणं म्हणजे क्लासवाल्यांची सोय.

दुसरा गैरसमज गणिताचा. “पाच टक्के चान्स असलेल्या वीस कॉलेजांना अर्ज करतो, एक तरी लागेलच.” कॉमन अ‍ॅपवर, म्हणजे अनेक कॉलेजांसाठी एकच असलेल्या ऑनलाइन फॉर्मवर, वीस कॉलेजं भरता येतात, म्हणून हा हिशेब सुचतो. बारावीच्या गणितात संभाव्यता शिकलेल्या मुलाने तरी असं बोलू नये. वीस वेळा फासा टाकला तर प्रत्येक वेळी तो नव्याने पडतो. इथे वीसही ठिकाणी तोच निबंध, तीच मार्कशीट, तीच शिफारसपत्रं जातात. पत्र पुचाट असेल तर ते वीसही ठिकाणी पुचाटच असणार.

आणि पत्रं पुचाट का होतात, ते मला चांगलं माहीत आहे.

शिक्षकाच्या फॉर्मवर एक तक्ता असतो. डावीकडे गुण: अभ्यासातली कामगिरी, लेखन, स्वतंत्र विचार, वर्गातल्या चर्चेतला सहभाग, प्रामाणिकपणा, अपयश आलं की कसा वागतो, दुसऱ्यांची काळजी, पुढाकार, असे पंधराएक. उजवीकडे रकाने: सरासरीच्या खाली, सरासरी, चांगला, खूप चांगला, पहिल्या दहा टक्क्यांत, पहिल्या पाच टक्क्यांत आणि शेवटचा, माझ्या सगळ्या नोकरीत भेटलेल्या मोजक्या मुलांपैकी एक. आणि या सगळ्यांच्या आधी आणखी एक रकाना असतो: ‘सांगायला आधार नाही’.

आता मुंबईतली सायन्सची अकरावी डोळ्यांसमोर आणा. मुलगा इंटिग्रेटेडला, म्हणजे कॉलेज नावापुरतं आणि शिकणं क्लासात. कॉलेजात प्रॅक्टिकलपुरता येतो, जर्नल सर्टिफाय करून घेतो, अटेंडन्सचं क्लास आणि ऑफिस मिळून बघतात. वर्गात साठ-सत्तर बाकांपैकी दहा भरलेले. असा मुलगा बारावीच्या सप्टेंबरमध्ये येऊन म्हणतो, “मॅडम, एलओआर हवंय,” म्हणजे शिफारसपत्र. वर्गातल्या चर्चेत तो कसा बोलतो? माहीत नाही. अपयश आलं की? माहीत नाही. मी खोटं लिहीत नाही, त्यामुळे माझी टिकमार्क पुन्हा पुन्हा त्या पहिल्या रकान्याकडे सरकते. मुलगा हुशार असतो हो, क्लासच्या टेस्टमध्ये वरच्या बॅचला असतो. पण क्लासचे सर आणि कॉलेजचा शिक्षक ही तिथे वेगळी माणसं आहेत. बहुतेक ठिकाणी मुख्य विषयांच्या शाळा-कॉलेजातल्या शिक्षकांची पत्रं मागतात; क्लासच्या सरांचं पत्र फार तर जादा पत्र म्हणून जोडता येतं.

मग फोल्डर उघडून वडील एक टाइप केलेला कागद पुढे करतात. “मॅडम, तुम्हाला त्रास नको, आम्ही ड्राफ्ट आणलाय. फक्त लेटरहेडवर घेऊन सही करा.” एका वर्षी दोन वेगळ्या मुलांच्या फोल्डरमधून आलेल्या ड्राफ्टमध्ये एक आख्खा परिच्छेद सारखा होता, ‘ज्ञानाची अतृप्त तहान’ वगैरे; कन्सल्टंट एकच असणार. अशा पत्रावर मी सही करत नाही. वडील नाराज होतात, होऊ देत. मुलाने पत्र वाचण्याचा हक्क सोडलाय की नाही हेही कॉमन अ‍ॅपवर नोंदवलेलं असतं. तो सोडावा, म्हणजे वाचणाऱ्याचा त्या पत्रावर विश्वास बसतो.

याउलट एक मुलगी आठवते. हिंदमाताजवळच्या चाळीत राहायची. दोन पावसाळे तिने चाळीच्या पायऱ्यांवर खडूने खुणा करून पाणी कितव्या पायरीपर्यंत चढलं ते वहीत लिहून ठेवलं होतं. शेजारच्या रकान्यात भरतीची वेळ आणि महापालिकेचा त्या दिवसाचा पावसाचा आकडा. मला येऊन विचारलं, “मॅडम, ओहोटीला पण पाणी उतरत नाही, असं का?” ती हे कोणाला दाखवायला करत नव्हती, आजीला औषध आणायला कधी निघायचं ते तिला ठरवायचं असायचं. तिचं पत्र लिहायला मला एक संध्याकाळ पुरली, कारण लिहायला होतं. स्टॅनफर्डने तिला नाही म्हटलं. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या एका लहान लिबरल आर्ट्‌स कॉलेजने (फक्त पदवीवर भर देणारं, सगळे विषय शिकवणारं कॉलेज) जवळजवळ पूर्ण आर्थिक मदत देऊन घेतलं. आपल्याकडे या कॉलेजांची नावं कोणी ऐकलेली नसतात, म्हणून नातेवाइकांना पटत नाही. पण ग्रिनेल, मॅकॅलेस्टरसारखी कॉलेजं परदेशी मुलांना चांगली मदत देतात, आणि तिथे आपल्या मुलांचा अर्ज गर्दीत हरवत नाही.

तेव्हा अकरावीत असाल तर एवढं करा: दोन विषय निवडा आणि त्या दोन तासांना वर्गात बसा. प्रश्न विचारा, चुकीचे असले तरी. ज्या शिक्षकाला तुमचं नावही ठाऊक नाही त्याच्याकडून बारावीत पत्र मागणं म्हणजे वरातीमागून घोडं.

कॉलेजकडून पत्रांशिवाय दोन गोष्टी जातात, नववीपासूनच्या मार्कांचा ट्रान्स्क्रिप्ट आणि स्कूल प्रोफाइल. नववी-दहावी शाळेची, अकरावी-बारावी कॉलेजची, म्हणून शाळेच्या लेटरहेडवर सही-शिक्क्याचे कागद आधीच आणून ठेवा. शाळेतल्या बाई रिटायर झाल्या, क्लार्क बदलला की नववीचं रजिस्टर शोधता शोधता महिना जातो. स्कूल प्रोफाइल म्हणजे कॉलेजची ओळख सांगणारा एक-दोन पानी कागद. बोर्ड कुठलं, पास व्हायला किती लागतात, फिजिक्सला 70 ची थिअरी आणि 30 चं प्रॅक्टिकल, वगैरे. हा कागद नसेल तर अकरावीचे 72 तिकडे नुसते 72 दिसतात. त्या वर्षी आमच्याकडे पहिल्या आलेल्या मुलालाही 78 च होते, हे त्यांना कोण सांगणार? अनेक ज्युनिअर कॉलेजांकडे असा कागदच नसतो. तुमच्याकडे नसेल तर व्हाइस प्रिन्सिपलना भेटून मागा आणि मसुदा करायला मदत करा. पत्राचा ड्राफ्ट आणू नये. हा खुशाल आणावा.

आता पैसा. चान्सेसचा प्रश्न खरं तर इथून सुरू व्हायला हवा, पण आपल्याकडे तो लाजेने शेवटी येतो. नावाजलेल्या खासगी विद्यापीठात राहण्या-खाण्यासकट वर्षाचा खर्च 90 हजार डॉलरच्या आसपास जातो, म्हणजे 75 लाख रुपयांच्या वर. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन, आणि 2025 मध्ये दाखल झालेल्या तुकडीपासून ब्राउन, ही परदेशी मुलांच्या बाबतीतही प्रवेश ठरवताना घरची ऐपत बघत नाहीत आणि घेतलं तर जेवढी गरज ठरेल तेवढी मदत देतात. स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल, पेन इथे परदेशी मुलाने मदत मागितली की ती गोष्ट निर्णयात धरली जाते. एकाच मुलाचा चान्स मदत मागितली तर एक आणि न मागितली तर वेगळा. शिवाय आधी नको म्हणून मग पहिल्या वर्षी मागू, अशी हुशारी चालत नाही. बऱ्याच ठिकाणी प्रवेशाच्या वेळी न मागणाऱ्या परदेशी मुलाला पुढची चार वर्षं मागता येत नाही.

मुंबईकरांना घराची धास्ती असते. पगार बेताचा, पण वडिलोपार्जित टू-बीएचके दादरला, किंमत कोटींत. आर्थिक मदतीसाठीच्या सीएसएस प्रोफाइल नावाच्या फॉर्ममध्ये हे सगळं भरावं लागतं. हार्वर्ड आणि प्रिन्स्टन राहत्या घराची किंमत धरत नाहीत. काही कॉलेजं धरतात. हार्वर्डने 2025-26 पासून वर्षाला एक लाख डॉलरपर्यंत उत्पन्न आणि बेताची मालमत्ता असलेल्या कुटुंबांचा पूर्ण खर्च उचलायचं ठरवलंय. या आकड्यात आपल्याकडची बहुतेक नोकरदार घरं बसतात. गावच्या सातबाऱ्यावर वडिलांसकट सतरा नावं असतील तर तेही लपवू नका, खुलाशाच्या जागेत दोन ओळी लिहा. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर अंदाजे किती भरावं लागेल ते सांगणारा कॅल्क्युलेटर असतो. जुलैमध्ये आईबाबांना शेजारी बसवून तो भरा आणि मग यादी करा. भारत-अमेरिका शैक्षणिक देवाणघेवाणीचं काम बघणाऱ्या यूएसआयईएफचं मुंबईत कार्यालय आहे. तिथल्या एज्युकेशनयूएसए या अमेरिकन सरकारच्या सल्ला केंद्राच्या प्राथमिक सल्ल्याला पैसे पडत नाहीत. कन्सल्टंटला लाखांत फी मोजण्याआधी तिथे जाऊन या.

अ‍ॅक्टिव्हिटीबद्दल थोडक्यात. अभ्यासाबाहेरच्या कामांसाठी फॉर्मवर दहा जागा, प्रत्येकीला 150 अक्षरं, स्पेस धरून. अकरावीच्या मेमध्ये काढलेली एनजीओ आणि विकत घेतलेला ‘रिसर्च पेपर’ वाचणाऱ्यांना वासावरून कळतो. मानखुर्दच्या होमी भाभा केंद्रातल्या ऑलिम्पियाड कॅम्पपर्यंत पोचला असाल तर ते बोलतंच. पण त्या यादीत घरच्या जबाबदाऱ्यांचा स्वतंत्र प्रकार आहे, आणि मराठी घरातली मुलं तो हमखास रिकामा सोडतात. धाकट्या भावाचा अभ्यास घेणं, वडिलांच्या दुकानाचं जीएसटी भरणं, आजीला दर आठवड्याला केईएमला नेणं, हे सगळं तिथे लिहायचं असतं. “त्यात काय सांगायचं?” असं मुलं विचारतात. किती तास आणि किती आठवडे, ते सांगायचं.

शेवटी वेळापत्रक, कारण चांगल्या मुलांचं घोडं इथेच अडतं. कॉमन अ‍ॅप 1 ऑगस्टला नव्या वर्षासाठी खुलं होतं. लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी 1 नोव्हेंबर. आपली दिवाळी याच सुमारास. 2024 मध्ये तर 1 नोव्हेंबर ऐन दिवाळीत आला. कॉलेजला कुलूप, क्लार्क गावी, शिक्का कपाटात आणि कपाटाची चावी क्लार्कच्या खिशात. तेव्हा कॉलेजकडून हवं ते सगळं सहामाही परीक्षेच्या आधी, सप्टेंबरअखेर मागून घ्या. या फेरीतला बंधनकारक प्रकार, अर्ली डिसिजन, एकाच कॉलेजला करता येतो आणि घेतलं तर जावंच लागतं. तिथे चान्स थोडा वाढतो हे खरं, पण पैशांचा हिशेब न करता तिथे सही करू नका. नेहमीच्या फेरीची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला; तेव्हा प्रिलिम, प्रॅक्टिकल आणि जेईई मेन एकत्र अंगावर येतात. म्हणून निबंध दिवाळीच्या सुट्टीत संपवा.

निकाल मार्चअखेर, आपल्याकडे पहाटे. पण काम तिथे संपत नाही. मेमध्ये बारावीचा निकाल लागला की कॉलेजने फायनल रिपोर्ट पाठवायचा असतो, आणि मार्क फार घसरले तर दिलेला प्रवेश काढून घेण्याचा हक्क ती विद्यापीठं राखून ठेवतात. जेईई झाली म्हणून बोर्डाचे पेपर हलक्यात घेऊ नका. आणि मार्कशीट हाती आली की दुसऱ्याच दिवशी स्टाफरूममध्ये या. नंतर ऑफिसबाहेर अकरावीच्या प्रवेशाची रांग लागते आणि आम्ही कोणाच्या हाती लागत नाही.